उरलेल्या पावाचा रवा-टोस्ट आणि न फाटणारा गुळाचा चहा

मिसळीसाठी आणलेल्या पावाच्या पाकिटात दुसऱ्या दिवशी सहा-सात स्लाइस उरतातच. आमच्या कोल्हापुरात मिसळीला स्लाइसचा पाव लागतो, वडा खायचा म्हटलं तरी जोडीला तोच. ताज्या पावानं कट ओढून झाला की उरलेले स्लाइस कट्ट्यावर पडून राहतात आणि पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या कडेला हिरवट बुरशी धरते. आमच्या घरी ती वेळ येऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्लाइसच्या एका बाजूला चटणी-लोणी लावायचं, त्यावर दही-रव्याचा थर द्यायचा आणि तव्यावर खरपूस भाजायचं. वर दुसरा स्लाइस ठेवायचा नाही. सोबत गुळाचा चहा.

जुलैत पाऊस लागला की बाहेरून येणारं माणूस छत्री कोपऱ्यात टेकवता टेकवता आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगतं. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या पुरापासून तर तो आकडा कानावर पडल्याशिवाय कुणी निवांत बसत नाही. अशा संध्याकाळी दारात ओलं होऊन आलेल्या माणसाला नुसता चहा-बिस्कीट देणं मला पटत नाही. पोटाला आधार हवा, तिखट हवं आणि गरम हवं. भजी केली तर कढईजवळून हलता येत नाही, तेलही बरंच जातं. हा टोस्ट कमी तेलात होतो आणि बोलत बोलत करता येतो.

करायला सोपा आहे, तरी दोन गोष्टी हमखास बिघडतात. टोस्ट मऊ पडतो आणि गुळाचा चहा फाटतो. दोन्ही मी भरपूर वेळा बिघडवल्यात, म्हणून खात्रीनं सांगते, चूक बहुतेक वेळा साहित्यात नसते. ती क्रमात असते. आधी काय, नंतर काय, आणि मध्ये किती थांबायचं, एवढंच सांभाळायचं आहे. म्हणून खाली प्रत्येक पायरीचं कारणही लिहिलंय. कारण कळलं की प्रमाण थोडं इकडंतिकडं झालं तरी पदार्थ बिघडत नाही.

काय काय लागेल

हे प्रमाण सहा स्लाइसचं, म्हणजे तिघांना पोटभर. माझी वाटी साधारण १५० मिलीची आहे.

टोस्टसाठी: आदल्या दिवशीचे ६ स्लाइस, बारीक रवा १ वाटी, घट्ट दही १ वाटी, साय २ मोठे चमचे, मध्यम कांदा १, ढबू मिरची अर्धी, मूठभर कोथिंबीर, शेंगदाण्याचा कूट २ मोठे चमचे, पांढरे तीळ १ मोठा चमचा, मीठ, तव्याला तेल. पावाला लावायला लोणी २ मोठे चमचे आणि कांदा-लसूण चटणी २ लहान चमचे.

चहासाठी: पाणी दीड कप, म्हशीचं दूध दीड कप, चहापूड ३ लहान चमचे, आल्याचा इंचभर तुकडा, २ वेलदोडे, किसलेला गूळ ३ मोठे चमचे.

टोमॅटो यादीत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. घालायचाच असेल तर बिया आणि पाणी काढून फक्त गर बारीक चिरा. माझं मत विचाराल तर नकोच. दह्याचा आंबटपणा पुरतो आणि टोमॅटो कितीही निथळला तरी तव्यावर पाणी सोडतो.

पाव शिळाच बरा

ताजा पाव ओलसर असतो. त्यावर दह्याचा थर दिला की तो खालून बसतो आणि उचलताना मध्ये वाकतो. आदल्या दिवशीचा पाव थोडा कोरडा, घट्ट झालेला असतो, त्याला हा भार झेपतो. ताजाच पाव हाताशी असेल तर स्लाइस सुटे करून ताटात पसरा आणि पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. स्लाइस फ्रीजमधून काढले असतील तर त्यांच्यावर दव धरतं, तेव्हा तेही असेच थोडा वेळ उघडे ठेवा.

पाव विकत घेताना एक बघा, तो गोडसर नको. एकदा घाईत कोपऱ्यावरच्या एका दुकानातून पाव आणला. तो चवीला एवढा गोड निघाला की चटणी आणि दही दोन्ही त्यापुढं फिकं पडलं. शिवाय साखर जास्त असलेला पाव तव्यावर पटकन काळा पडतो, वरचा रवा शिजायच्या आत. साधा, जाड कापलेला पाव मिळाला तर उत्तम. जाडी आपल्या करंगळीएवढी असली की पुरे.

आता पहिली खरी पायरी, आणि हीच बहुतेक जण गाळतात. तवा मध्यम आचेवर तापवून स्लाइसची एकच बाजू कोरडीच भाजून घ्या. तेल नाही, तूप नाही. मिनिटभरात ती बाजू बदामी होते आणि बोटानं वाजवली तर टकटक आवाज येतो. दुसरी बाजू कच्चीच ठेवायची. थर द्यायचा आहे तो या भाजलेल्या बाजूवर. भाजल्यानं वरचा पापुद्रा सुकलेला असतो, त्यातून दह्याचं पाणी चटकन आत शिरत नाही. त्यावर लोणी लागलं की तो बंदोबस्त दुहेरी होतो. टोस्ट मऊ पडण्याची तक्रार या एका मिनिटात निम्मी मिटते.

रव्याला वेळ द्या

पावसाळ्यात रवा आधी चाळून घ्या. सोंडे आणि जाळी याच दिवसांत होते. आम्ही रवा आणला की लगेच कोरडा भाजून ठेवतो. फक्त गरम व्हावा आणि वास सुटावा एवढंच भाजायचं, रंग बदलू द्यायचा नाही. भाजलेला रवा टिकतो आणि टोस्टला लागतोही छान.

वाटीभर रव्यात वाटीभर घट्ट दही आणि साय घालून कालवा, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं विसरून जा. या वीस मिनिटांत रवा दह्यातलं पाणी पिऊन फुगतो. आधी सैल वाटणारं मिश्रण घट्ट होतं. न भिजलेला रवा तव्यावर घातला तर दोन गोष्टी होतात. वरून लालसर दिसतो पण दाताखाली कचकच लागतो, आणि जे पाणी त्यानं प्यायचं ते पाव पितो. घाईत दहा मिनिटांवर कधी उरकू नका. जाड रवा असेल तर अर्धा तास लागतो.

दही पातळ असेल तर आधी पंचाच्या फडक्यात बांधून पंधरा मिनिटं टांगा. खाली जमलेलं पाणी टाकू नका, रात्रीच्या कणकेत चालतं.

रवा भिजेपर्यंत कांदा आणि ढबू मिरची चिरून घ्या. जेवढी बारीक चिराल तेवढी बरी, रव्याच्या थरातून तुकडे टोकासारखे वर आले तर टोस्ट तव्यावर सपाट बसत नाही. पण चिरून झालं म्हणून लगेच मिश्रणात घालू नका. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा मी हा टोस्ट केला तेव्हा सगळं एकदमच कालवून ठेवलं होतं, मिठासकट. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर भांड्यात दह्याची कढी झालेली. सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतंय बघ. तवा तापल्याबिगर मीठ टाकू नगं." त्या दिवसापासून कांदा, ढबू, कोथिंबीर, कूट आणि मीठ हे पाचही मी तवा तापायला ठेवल्यावरच घालते. मीठ सगळ्यात शेवटी, आणि अर्ध्या लहान चमच्यापेक्षा थोडं कमीच, कारण चटणीत आणि पावातही मीठ असतं.

मिश्रण कसं हवं? चमचा भरून उलटा धरा. गोळा दोन-तीन क्षण थांबून मग पडला तर बरोबर. लगेच ओघळला तर आणखी दोन चमचे रवा किंवा कूट घाला आणि पाच मिनिटं थांबा. चमच्याला चिकटूनच राहिला तर चमचाभर दूध घाला. पाणी नको, दुधानं थर मऊ राहतो.

चटणी कुठं लावायची

कोल्हापुरात चटणी म्हटलं की ती कांदा-लसणाची. बाहेरचे तिला मसाला म्हणतात. चैत्र-वैशाखात उन्हं तापली की घरोघरी मिरच्या पसरतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी किंवा लवंगी, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, तळलेला कांदा आणि भरपूर लसूण. मग डबे घेऊन डंकावर, म्हणजे चटणी कुटून देणाऱ्या गिरणीवर, नंबर लावायचा. त्या दोन महिन्यांत काही गल्ल्यांत शिरलं तरी शिंका येतात. वर्षभराची चटणी बरणीत भरली की घर भरल्यासारखं वाटतं. जुलैत ती दोन-तीन महिन्यांची असते, म्हणजे ऐन भरात. बरणीचं झाकण उघडून चिमूटभर तळहातावर घ्या आणि अंगठ्यानं चोळा. ती भुकटीसारखी उडत नाही, मऊ दाबली जाते, कारण खोबऱ्याचं आणि कांद्याचं तेल तिच्यात मुरलेलं असतं. हातावर केशरी डाग राहतो आणि लसणाचा वास रात्री जेवेपर्यंत जात नाही.

याच तेलामुळं आणि बारीक मिरचीमुळं ती थेट तापलेल्या तव्याला लागली की करपते. करपलेली चटणी कडू होते आणि घरभर ठसका उडतो. माझ्या धाकट्या दिरांनी एकदा हौसेनं रव्याच्या थरावर वरून चटणी भुरभुरली आणि तीच बाजू तव्यावर टाकली. सगळ्यांनी खोकत खिडक्या उघडल्या आणि पाऊस आत आला. ते स्वतःच म्हणाले, "वैनी, ह्येला वर लावायचीच न्हाई बघा. खालीच पायजे." अगदी खरं आहे. चटणी पाव आणि रव्याच्या मध्ये राहिली पाहिजे. तिथं तिला ऊब मिळते, आच लागत नाही. वास जिवंत राहतो आणि पहिला घास चावल्यावर तिखट आतून येतं.

लोणी मऊ असताना त्यात चटणी कालवून घ्या आणि भाजलेल्या बाजूला कडेपर्यंत लावा. कडा कोरडी राहिली तर तिथंच पाणी शिरतं. लोणी नसेल तर तूप किंवा शेंगदाण्याचं तेल घ्या. लहान मुलांसाठी चटणी चिमूटभरच, त्याऐवजी कूट जास्त. दुसऱ्या गावी असाल आणि ही चटणी मिळत नसेल तर लाल तिखट, ठेचलेला लसूण आणि भाजलेलं सुकं खोबरं तेलाच्या थेंबांबरोबर खलात कुटून घ्या. चव तीच येणार नाही, पण टोस्ट चांगला होईल. हिरव्या मिरचीचा ठेचाही चालतो, मात्र तो ओला असतो, म्हणून आधी तव्यावर परतून कोरडा करा.

तव्यावर

बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्या. पातळ तव्यावर मधला भाग जळतो आणि कडा कच्च्या राहतात. तवा मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या. पाण्याचे थेंब टाकले की ते नाचत उडून गेले पाहिजेत. नुसते चरचरत बसले तर तवा अजून गार आहे, आणि गार तव्यावर दही-रवा टाकला की तो तव्यालाच बिलगतो.

चटणी-लोणी लावलेल्या स्लाइसवर दीड-दोन मोठे चमचे मिश्रण ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं पसरा. थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. जाड थर बाहेरून लाल आणि आतून पिठूळ राहतो. मध्ये डोंगर करू नका, कडेपर्यंत सारखा न्या. वरून तीळ टाका आणि तळव्यानं हलके दाबा. स्लाइस एक-एक करून तयार करा आणि लगेच तव्यावर टाका. सहाही लावून ताटात रांगेत ठेवले की शेवटचे दोन मऊ पडतात.

तव्यावर लहान चमचाभर तेल पसरवा, आच मध्यमहून थोडी कमी करा आणि स्लाइस रव्याची बाजू खाली करून टाका. उलटा करताना थर घसरेल अशी भीती वाटते. मिश्रण सांगितलं तसं घट्ट असेल तर नाही घसरत. स्लाइस तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं उलथणं वर धरा, दोन्ही मिळून पालथं घाला आणि तव्याच्या अगदी जवळ नेऊन सोडा. उंचावरून टाकू नका.

आता तीन ते चार मिनिटं त्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला चर्र आवाज मोठा येतो, तो पाणी उडून जाण्याचा आवाज. हळूहळू तो बारीक होतो. आवाज जवळजवळ थांबला आणि तिळाचा खमंग वास आला की समजायचं खालची बाजू सुटली. कडेनं उलथणं सारा. सहज आत गेलं तर उलटा. अडलं तर ओढाताण न करता आणखी अर्धा मिनिट द्या. रवा तांबूस झाला की तवा स्वतःच त्याला सोडतो.

झाकण ठेवायचा मोह होईल, कारण आपल्याला घावन-थालीपिठाची सवय. इथं झाकण नको. वाफ कोंडली की पाणी परत टोस्टवरच पडतं.

उलटल्यावर कच्ची राहिलेली पावाची बाजू खाली येते. तिला कडेनं दोन थेंब तेल आणि दीड-दोन मिनिटं पुरतात. काढून थेट ताटात ठेवू नका. खाली वाफ धरते आणि बूड ओलं होतं. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर दोन टोस्ट एकमेकांना टेकवून उभे करा.

एका तव्यावर दोनच मावतात. सहा करायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि चहाला लागणारा वेळही त्याच्या आतबाहेरच असतो.

चहा

या शहरात गूळ ही नुसती गोडाची वस्तू नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापाराला चालना द्यावी म्हणून, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला पाठबळ दिलं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कुणी पीत नव्हतं, त्या काळात महाराज स्वतः तिथं थांबून सगळ्यांच्या देखत चहा घेत. माझ्या घरी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आणि पाहुण्यांना सारख्याच कपांतून चहा जातो. महाराजांची ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय आणि तिचा मान राखावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून चहा करताना कपही दोन जास्तीचेच काढते.

गुळाचा चहा का फाटतो? दुधातली प्रथिनं साध्या उकळीला टिकून राहतात, कारण दूध जवळजवळ आम्लरहित असतं. गुळात उसाची आम्लं आणि क्षार उरलेले असतात. आम्ल आणि उकळी दोन्ही एकदम दुधाला भिडली की प्रथिनं गोळा होतात आणि भांड्यात कण तरंगायला लागतात. यातलं एक जरी टाळलं तरी दूध वाचतं. गुळातलं आम्ल आपण काढू शकत नाही, उकळी मात्र आपल्या हातात आहे.

जुलैत ही अडचण वाढते, त्याचंही कारण आहे. आपल्याकडची गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमाराला पेटतात आणि उन्हाळ्यात थंडावतात. म्हणजे पावसाळ्यातला गूळ काही महिन्यांचा जुना असतो आणि त्यानं हवेतलं पाणी ओढलेलं असतं. ओलावलेला गूळ हळूहळू आंबतो. ढेप फोडल्यावर आतला भाग मऊ, चिकट आणि वासाला किंचित आंबूस लागला तर तो चहाला घेऊ नका, आमटीला वापरा. रंगावर जाऊ नका. पिवळाधमक गूळ दिसायला छान असतो, पण तो रंग यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर हे रंग उजळवणारं रसायन घालतात. रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी पद्धत आहे. मी गडद, तांबूस-तपकिरी, नखानं दाबला तरी न खचणारा गूळ घेते.

नवा गूळ आणला की एक छोटी चाचणी करा. छोट्या वाटीत अर्धा कप गरम दूध घ्या, उकळतं नको, त्यात चमचाभर गूळ विरघळवा आणि दोन मिनिटं बघा. दूध एकसंध राहिलं तर तो गूळ चहाला चालेल. पाहुणे येण्याआधी एवढं केलं की पुढची नामुष्की टळते.

आता कृती. पातेल्यात दीड कप पाणी, ठेचलेलं आलं आणि वेलदोडे घालून उकळायला ठेवा. आलं पाण्यातच आणि चांगलं चार-पाच मिनिटं उकळू द्या. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं, त्यानंही दूध फाटतं. पाण्यात नीट उकळलं की ते निकामी होतं. अनेकदा दोष गुळाला दिला जातो आणि खरा दोषी शेवटी वरून किसून टाकलेलं आलं असतं.

मग चहापूड घालून दोन मिनिटं. पाणी गडद झालं की गॅस बंद करा आणि किसलेला गूळ या कोऱ्या चहात घालून ढवळा. गूळ किसलेला हवा, खडा टाकला तर तळाशी बसतो आणि विरघळायला परत गॅस लावावा लागतो.

दुसऱ्या शेगडीवर दूध वेगळं उकळून घ्या, गॅस बंद करा आणि दोन मिनिटं थांबा, वरची उसळी बसू द्या. गोकुळचं म्हशीचं दूध असो की गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर काढून दिलेलं धारेचं, उकळणं चुकवू नका. आता कोरा चहा गाळण्यातून बारीक धारेनं दुधात सोडा आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहा. उलट, म्हणजे थोडं थोडं दूध चहात घातलं तर पहिल्या धारेला सगळं आम्ल एकदम भेटतं. दुधात चहा गेला तर आम्ल पसरत जातं.

आणि एकदा दोन्ही मिसळले की परत गॅसवर ठेवायचं नाही. गार होईल असं वाटत असेल तर कपात आधी कढत पाणी ओतून ठेवा आणि चहा ओतताना ते फेकून द्या. चहा पिऊन होईपर्यंत कप गरम राहतो.

एकदा घरी आठ-दहा माणसं होती, भावकीतलीच. चहा थोडा निवला म्हणून मी पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं आणि टोस्ट बघायला वळले. मागं वळून पाहते तर चोथा वर आणि पाणी खाली. लिटरभर दूध गेलं. तेव्हापासून जास्त माणसं असली की गुळाचा कोरा चहा थर्मासमध्ये आणि गरम दूध दुसऱ्या थर्मासमध्ये भरून ठेवते. ज्याला हवा तेव्हा कपातच मिसळायचा.

दोन्ही एकाच वेळी गरम

चार वाजता चहा-टोस्ट ताटात हवा असेल तर साधारण असं धरा. सव्वातीनला रवा भिजवायचा. साडेतीनपर्यंत भाज्या चिरून, लोण्यात चटणी कालवून, गूळ किसून ठेवायचा. पावणेचारच्या आधी पाच मिनिटं तवा तापत ठेवायचा, स्लाइसची एक बाजू भाजायची आणि भिजलेल्या रव्यात भाज्या-मीठ घालायचं. पहिले दोन टोस्ट तव्यावर पडले की चहाचं पाणी चढवायचं. दुसरी जोडी उलटली की दूध उकळायला ठेवायचं. शेवटची जोडी तव्यावरून उतरते तेव्हा चहा गाळला जात असतो.

शेगडी एकच असेल तर चहाचं सगळं आधी उरकून दोन्ही थर्मासमध्ये भरा आणि मग तवा चढवा. टोस्ट वाट बघत नाही, चहा बघतो.

पहिले दोन टोस्ट तयार झाले की सगळ्यांची वाट बघत ठेवू नका. घरात जो सगळ्यात आधी भिजून आलाय त्याच्या हातात द्या. बाकीच्यांना तव्याभोवती उभं राहून आपली पाळी येईपर्यंत गप्पा मारता येतात, आणि बंधाऱ्याच्या पातळीची चर्चा तिथंच चांगली रंगते.

दही नसेल तर अर्धी वाटी बेसन आणि अर्धी वाटी रवा घेऊन ताकात घट्ट कालवा, चिमूटभर ओवा घाला. हा टोस्ट थोडा कोरडा होतो पण चवीला वेगळाच लागतो. चीज घालायची नवी पद्धत मुलांना आवडते. मला विचाराल तर ते चटणीचा वास झाकून टाकतं, म्हणून घरी फारसं करत नाही. मोड आलेली मटकी उरली असेल तर मूठभर वाफवून, कोरडी करून रव्यात घाला. मिसळ कालची, पाव कालचा, मटकीही कालचीच, सगळं एका तव्यावर जमतं.

दही-रव्याचं मिश्रण उरलं तर ते टाकू नका, फ्रीजमध्येही रात्रभर ठेवू नका, कांदा उतरतो आणि वास येतो. त्याच रात्री त्यात अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घालून सैल करा आणि गरम तव्यावर घावन टाका. या वेळी मात्र झाकण ठेवायचं.